न दिसणाऱ्या कालव्याच्या काठानं



फ्रान्स म्हटलं की तुम्हांला आयफेल टॉवर आठवतो, हो ना? पण तिथल्या माणसांचा सुट्टीतला एक आवडता उद्योग अगदी साधा आहे. कालव्याच्या काठाकाठानं चालायचं! पाठीवर पिशवी, पिशवीत पाव आणि चीज, आणि रमतगमत एका खेड्यातून दुसऱ्या खेड्यात. दक्षिण फ्रान्समध्ये 'कनाल द्यू मिदी' नावाचा कालवा आहे. 1666 ते 1681 या काळात तो खोदला. तूलूझ शहरापासून भूमध्य समुद्राकडे तो सुमारे 240 किलोमीटर जातो. पूर्वी काठावरून घोडा चालायचा आणि दोरीनं नाव ओढायचा. घोडे गेले, त्यांची वाट तेवढी राहिली. त्या वाटेवरून आता आजी-आजोबा चालतात आणि मुलं सायकली चालवतात. दम लागेल असा चढ फारसा नाहीच. कारण कालवा डोंगर चढत बसत नाही, वळसा घालून पुढं जातो.

तुम्ही म्हणाल, "आमच्याकडे कुठून आणायचा असा कालवा?"

आणायला कशाला हवा? आहे की! दौलताबादला चला. अडचण एवढीच आहे की आपला कालवा डोळ्यांना दिसत नाही.

आधी दौलताबाद. किल्ला बघायला येणारे बहुतेक लोक धापा टाकत थेट माथ्याकडे पळतात. आज आपण तसं करायचं नाही. आज फक्त पाणी बघायचं, आणि त्यासाठी खालचा सपाट भाग पुरेसा आहे. तोफा ओलांडून आत गेलं की 'हत्ती हौद' लागतो. लांबी-रुंदी साधारण 47-47 मीटर, खोली सहा मीटरच्या वर. तुमच्या शाळेचं मैदान डोळ्यांसमोर आणा आणि त्यात दोन मजले खोल खड्डा पाडा! जवळच सरस्वती बावडी आहे. आता विचार करा, एवढा हौद भरायचा कशानं? आकाशातून पडेल तेवढ्या पावसानं तो भरणार नाही. आसपासच्या डोंगरांत पाणी अडवून, पाट काढून आणि खापरी नळ टाकून ते इथवर आणलेलं होतं. खापरी नळ म्हणजे भाजलेल्या मातीचे नळ, एकात एक अडकवलेले. कौलाची माती आणि नळाची माती यांत फारसा फरक नाही.

पुढं खंदक येतो. कातळ उभा तासून केलेला. यातलं पाणी शत्रूसाठी होतं, हौदातलं आपल्या माणसांसाठी. एकाच डोंगराचं पाणी, कामं दोन! यादवांची राजधानी इथं होती. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकानं दिल्लीची राजधानी इथं हलवली आणि काही वर्षांत ती परतही गेली. त्याची कारणं इतिहासकार बरीच सांगतात. त्यांत पाण्याची टंचाई हे एक कारण सांगितलं जातं. परीक्षेत तुघलकाला 'लहरी' लिहून तुम्ही मार्क मिळवता. पण एवढं शहर वसवायचं तर रोज किती घागरी पाणी लागेल, याचा हिशेब कुठल्या पेपरात विचारत नाहीत. विचारायला हवा, असं माझं मत आहे.

हा हिशेब ज्याला पक्का जमला, तो मलिक अंबर. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा हिंदुस्थानात आला आणि पुढं निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. दौलताबाद त्याच्या हातात होतं. 1610 मध्ये त्यानं तिथून थोड्या अंतरावर खडकी हे शहर वसवलं. खडकीचं पुढं औरंगाबाद झालं आणि 2023 पासून छत्रपती संभाजीनगर. नाव 'खडकी', म्हणजे जमीन कशी असेल ते ओळखा! तिथं माणसं राहायची तर पाणी हवं. मग उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याला, हर्सूलच्या बाजूला, जमिनीत मुरलेलं पाणी त्यानं भुयारात गोळा केलं आणि नहरीनं शहरात आणलं. हीच 'नहर-ए-अंबरी', साधारण 1617 सालची. म्हणजे फ्रान्सचा तो कालवा सुरू व्हायच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधीची, बरं का!

मग फ्रान्सचा कालवा उघडा आणि आपला जमिनीखाली, असं का? गंमत ऐका. तूलूझला वर्षभरात पडणारा पाऊस आपल्या संभाजीनगरपेक्षा जास्त नाही. पण तिथं तो बाराही महिने थोडा थोडा पडतो. आपल्याकडे चार महिन्यांत जवळजवळ सगळा उरकतो, आणि मग एप्रिल-मेचं ऊन. उघड्या पाटातलं पाणी वाफ होऊन उडून जाणार. जमिनीखाली ते थंड राहतं, त्यात पालापाचोळा पडत नाही आणि शत्रूलाही ते पटकन सापडत नाही.

ही नहर चालवायला पंप नव्हता की इंजिन. फक्त उतार. तोही अगदी बेताचा. उतार जास्त झाला तर पाणी धावत सुटतं आणि नळ फोडतं. कमी झाला तर गाळ साचतो. भुयारावर ठरावीक अंतरानं हवेसाठी आणि साफसफाईसाठी मॅनहोल ठेवलेले असत. त्यातून माणूस आत उतरून गाळ काढी. बुऱ्हाणपूरला त्याच सुमाराची अशीच नहर आहे, तिथं अशा विहिरी शंभराहून जास्त आहेत. नहरीवर चालायचं म्हणजे या खुणा शोधत चालायचं. एक मॅनहोल सापडला की पुढचा कुठं असेल याचा अंदाज बांधायचा. खजिन्याचा नकाशा शोधतात ना, तसं!

शहरात खाम नदीच्या काठी पाणचक्की आहे. तिची नहर वेगळी आणि नंतरची, 18 व्या शतकातली. डोंगरातून काही किलोमीटर जमिनीखालून आलेलं पाणी इथं एका उंच भिंतीवर चढतं आणि वरून खालच्या हौदात पडतं. त्या जोरावर जातं फिरायचं आणि यात्रेकरूंसाठी, विद्यार्थ्यांसाठी पीठ दळलं जायचं. या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत! वर पाणी, खाली माणसं. भर उन्हाळ्यात तिथं कसा गारवा असेल, बघा.

पण पाणी वर चढतं कसं? घरी करून पाहा. दोन-तीन हात लांबीची पारदर्शक नळी घ्या. दोन टोकं हातात धरून तिचा यू आकार करा आणि तीत पाणी भरा. आता एक टोक वर-खाली करा. दोन्हीकडची पातळी सारखीच राहते की नाही? डोंगरात पाणी उंचावर आहे. मधले नळ बंद आहेत. म्हणून इकडच्या भिंतीत ते जवळजवळ तेवढ्याच उंचीपर्यंत चढू शकतं. मधला नळ मात्र फुटता कामा नये. नळीला मध्येच टाचणीनं भोक पाडा, म्हणजे कळेल. (आईची परवानगी घेऊन!)

आणि तेच झालंय. नहरीच्या वाटेवर घरं आली, पाया खोदताना नळ तुटले, मॅनहोल कचऱ्यानं बुजले, आजूबाजूला बोअर पडले. पाणचक्कीची धार उन्हाळ्यात अगदी बारीक होते, कधी बंदही पडते. उघडा कालवा फुटला तर सगळं गाव धावतं. जमिनीखालची नहर फुटली तर कुणाला पत्ताच लागत नाही. फ्रान्समध्ये 2006 मध्ये कालव्याकाठच्या झाडांना बुरशीचा रोग लागल्याचं लक्षात आलं. सुमारे 42,000 प्लेन वृक्षांचा प्रश्न होता. रोगट झाडं तोडून तिथं नवी लावायचं काम हाती घेतलं गेलं. रोज त्या काठानं चालणारी माणसं होती, त्यांना सुकलेली झाडं दिसत होती. आपल्या नहरीवरून रोज कोण चालतं, सांगा बरं?

आशेची जागाही आहे. खाम नदी स्वच्छ करायचं काम 2021 पासून महापालिका आणि नागरिक मिळून करत आहेत. काही भागात काठानं चालता येईल अशी जागा झाली आहे. आजीला घेऊन जायला छान!

आता बेत सांगतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला रविवार बघा, म्हणजे दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळंही मिळतील. सकाळी लवकर किल्ल्याचा खालचा भाग: हौद, बावडी, खंदक. मग खुलताबादच्या रस्त्यावरचं कागजीपुरा. या गावात पिढ्यान् पिढ्या हातकागद बनत आला आहे. चिंध्यांचा लगदा हौदातल्या पाण्यात कालवायचा, चाळणीनं पातळ थर उचलायचा, वाळवायचा. पाणी नसेल तर कागद नाही. ही कला आता फार थोड्या हातांत उरली आहे. पुढं खुलताबादला मलिक अंबरची कबर आहे. दुपारनंतर शहरात येऊन पाणचक्की. रस्त्यावर गाड्या फार असतात, तेव्हा मोठी माणसं बरोबर हवीतच. बावडीच्या काठावर वाकायचं नाही, आणि मॅनहोल दिसला तर लांबूनच बघायचा.

घरी आल्यावर एक काम करा. तुमच्या गावात नळ येण्याआधी पाणी कुठून यायचं, ते आजी-आजोबांना विचारा. आड, बारव, ओढा, पाट, जे सांगतील ते. मग ती वाट स्वतः चालून बघा, पावलं मोजा आणि नकाशा काढून आमच्याकडे पाठवा. नकाशात उतार कुठल्या बाजूला आहे, तो बाण मात्र विसरू नका.