मे महिन्यात न्यूझीलंड, मुक्काम गाडीतच

डिसेंबर-जानेवारीत न्यूझीलंडमध्ये कॅम्परव्हॅनचं भाडं आभाळाला भिडतं. मे उजाडला की ते झपाट्याने उतरतं. आपल्या शाळांना सुट्टी असते ती नेमकी तेव्हाच. मराठी कुटुंबांनी हा योग साधायलाच हवा.

गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची. ऑकलंड आणि क्राइस्टचर्चदरम्यान कंपन्यांना गाड्या परत न्यायच्या असतात. त्या कधी दिवसाला अवघ्या 1 डॉलरमध्ये मिळतात, मात्र ठरल्या मुदतीत पोहोचवाव्या लागतात. सरकारी संवर्धन खात्याच्या काही साध्या तळांवर मुक्काम फुकट असतो.

हीटरच्या बाबतीत मात्र काटकसर नको. टेकापो तलावाकाठी पहाटे काचांना आतून पाणी सुटतं. पंच्याने पुसून घ्यावं, तर चहाच्या आधणाच्या वाफेने काच पुन्हा धूसर. मिलफर्डच्या रस्त्यावर मे ते नोव्हेंबरदरम्यान बर्फाची शक्यता असेल तेव्हा टायरच्या साखळ्या सोबत हव्यातच. हिमकडे कोसळण्याच्या धोक्यामुळे तो कधी बंदही होतो.

मुक्कामाला दिसेल तिथे गाडी लावणं चुकीचं. 2011च्या कायद्यानुसार स्थानिक परिषदा मनाईच्या जागा ठरवू शकतात. 2023च्या दुरुस्तीनंतर ‘स्वयंपूर्ण’ म्हणून मान्यता मिळायला गाडीत पक्कं बसवलेलं शौचालय लागतं. भाडं ठरवतानाच तसं प्रमाणपत्र पाहून घ्यावं.