विश्लेषण : एका कमांडमध्ये सर्व्हर सुरू; पण जबाबदारी कोणाची?

गोरेगाव पूर्वेला पश्चिम द्रुतगती महामार्गालगतच्या नेस्को आणि निरलॉन संकुलांत इंजिनीअरिंगचे नवे पदवीधर रुजू होत असतात. नवा लॅपटॉप हाती आला की वरिष्ठांकडून बऱ्याचदा पहिली सूचना येते, 'ही स्क्रिप्ट रन कर.' थोड्या वेळात सगळी साधने बसतात, क्लाउडवर सर्व्हरही उभा राहतो. पण त्या स्क्रिप्टमध्ये नेमके काय लिहिले आहे, हे किती जण वाचतात?

स्क्रिप्टची गरज काय?

संगणकाला एकापाठोपाठ द्यायच्या आज्ञांची यादी म्हणजे स्क्रिप्ट. गिट, पायथन, नोड, डॉकर एकेक करून बसवायचे तर दिवस जातो. शिवाय दोन लॅपटॉपवरच्या आवृत्त्या जुळतीलच असे नाही. स्क्रिप्टमुळे सगळ्यांकडे सारखीच मांडणी होते.

क्लाउडचेही तसेच. सर्व्हर, डेटाबेस, नेटवर्क कसे हवे ते फाइलमध्ये लिहायचे आणि आज्ञा द्यायची. २०१४ मध्ये आलेल्या टेराफॉर्ममुळे ही पद्धत रुळली. मायक्रोसॉफ्टने २०१५, ॲमेझॉनने २०१६ आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबईत क्लाउड विभाग सुरू केले.

मग बिल का फुगते?

ॲमेझॉनच्या मुंबई विभागाचे सांकेतिक नाव 'एपी-साउथ-१'. नमुना स्क्रिप्टमध्ये मात्र अनेकदा 'यूएस-ईस्ट-१', म्हणजे अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया लिहिलेले असते. ते न बदलता आज्ञा दिली, तर सर्व्हर तिकडे सुरू होतो. नंतर मुंबई विभागाचे पान उघडले तर तिथे काहीच दिसत नाही. सगळे बंद आहे असा समज होतो आणि व्हर्जिनियातले मीटर चालूच राहते.

उदाहरणार्थ, खासगी नेटवर्कमधील सर्व्हरना इंटरनेटवर जाऊ देणारा 'नॅट गेटवे'. व्हर्जिनियात त्याचा दर तासाला साधारण ४.५ सेंट आहे. ऐकायला किरकोळ, पण ३० दिवस चालू राहिला तर ३२ डॉलर होतात, तेही त्यातून एक फाइलही गेली नसताना.

किल्ली फाइलमध्ये राहिली तर?

क्लाउडवर काही उभारायचे तर स्क्रिप्टला ॲक्सेस की, म्हणजे खात्याची किल्ली लागते. घाईत ती फाइलमध्येच लिहिली जाते आणि फाइल गिटहबवर जाते. नंतर ओळ खोडली तरी गिटच्या इतिहासात ती राहते.

उबरच्या बाबतीत २०१६ मध्ये असेच घडले. गिटहबवरील खासगी कोडमध्ये हल्लेखोरांना किल्ली सापडली. त्यातून ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि चालकांची माहिती त्यांच्या हाती लागली. कंपनीने हे वर्षभर दडवले. २०१८ मध्ये तिला अमेरिकेतील राज्यांशी १४.८ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली.

दुसऱ्याची स्क्रिप्ट चालवताना धोका कोणता?

स्क्रिप्टला ती चालवणाऱ्याचे सगळे अधिकार मिळतात. 'सुडो' लावले तर संपूर्ण संगणक तिच्या ताब्यात जातो. २०२१ मध्ये कोडकोव्ह या कंपनीच्या अधिकृत स्क्रिप्टमध्ये हल्लेखोरांनी बदल केला. ती वापरणाऱ्यांच्या किल्ल्या ३१ जानेवारीपासून बाहेर जात होत्या. १ एप्रिलला हे उघड झाले, कारण एका ग्राहकाने डाउनलोड केलेल्या फाइलचा चेकसम जाहीर केलेल्या चेकसमशी ताडून पाहिला. तो जुळला नाही. जी तपासणी करायला मिनिटही लागत नाही, ती त्या एका ग्राहकाने केली म्हणून दोन महिन्यांचा घोळ थांबला.

चालवण्यापूर्वी काय तपासावे?

- स्क्रिप्ट आधी फाइल म्हणून उतरवावी, वाचावी, मगच चालवावी.
- टेराफॉर्ममध्ये आधी 'प्लॅन' पाहावा. काय उभे राहणार, काय पुसले जाणार, हे त्यात दिसते.
- विभागाचे नाव तपासावे आणि काम संपल्यावर 'डिस्ट्रॉय' करावे.
- किल्ली फाइलमध्ये लिहू नये. बाहेर गेलीच तर नुसती खोडून भागत नाही, ती रद्द करून नवी घ्यावी.
- बजेटचा इशारा लावावा. पण तो केवळ कळवतो, सेवा आपोआप बंद करत नाही.

चूक कोणाची?

इथे बोट सहज नवख्याकडे दाखवले जाते. पण कामाच्या पहिल्याच आठवड्यात त्याला सर्वाधिकार असलेली किल्ली दिली कोणी? 'वाचत बसू नको, रन कर' असे सांगितले कोणी? सर्ट-इनच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. वैयक्तिक माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली, तर २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हे उत्तरदायित्व कंपनीचे आहे, फ्रेशरचे नाही.

म्हणून नव्या माणसाला मर्यादित अधिकारांची किल्ली द्यावी आणि स्क्रिप्ट त्याच्यासोबत बसून एकदा ओळीने वाचावी. त्यात फार तर एक तास जाईल. आणि 'ही ओळ काय करते?' असे विचारणाऱ्या फ्रेशरला कोणी संथ समजू नये. तो त्याचे काम नीट करत आहे.