तालावर नाचणारे दिवे आणि फेफरे

डिसेंबर २०२३ मध्ये गावातल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला पाहुणा म्हणून गेलो होतो. मुलींचा कोळीनाच रंगात आला असतानाच तिसऱ्या रांगेतला सातवीचा एक मुलगा खुर्चीवरून कोसळला. हातपाय झटके देऊ लागले, डोळे वर गेले. कोणी म्हणाले कांदा आणा, कोणी म्हणाले चप्पल हुंगवा. एक गृहस्थ दातखीळ उघडायला चमचा शोधू लागले. मी मुलाला कुशीवर वळवले, डोक्याखाली शाल घातली आणि घड्याळ पाहत बसलो. दोन मिनिटांत झटके थांबले. फेफऱ्याच्या रुग्णाच्या तोंडात काहीही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. झटके पाच मिनिटांहून जास्त चालले तर मात्र तडक रुग्णालय गाठावे.

या मुलाला यापूर्वी कधी फिट आली नव्हती. वडील म्हणाले, सकाळपासून उपाशी होता. आजीला दृष्टीची शंका. माझी शंका दिव्यांवर होती. सभागृहात मिट्ट काळोख, आणि रंगमंचावर चार पांढरे दिवे डोळे दिपतील अशी भराभर उघडझाप करीत होते.

फेफऱ्याच्या शंभर रुग्णांत साधारण तीन ते पाच जणांना लुकलुकत्या प्रकाशाने झटका येऊ शकतो. यात शाळकरी व किशोरवयीन मुलेच अधिक. सेकंदाला ३ ते ३० वेळा होणारी उघडझाप घातक, त्यातही १५ ते २५ वेळा होणारी फार वाईट. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरदर्शनवर ‘पोकेमॉन’च्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा लुकलुकला. सहाशेहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांत बहुतेक मुलेच होती आणि अनेकांना आधी कधीच फिट आलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दिवेवाल्या पोराला दवाखान्यात बोलावले. बिचारा घाबरून आला. त्याने एक दिवा आणून दाखवला. आत छोटा माइक असतो, आवाज ऐकला की दिवा आपोआप उघडझाप करतो. माइकची संवेदनशीलता कमीजास्त करण्याचे बटण मागच्या बाजूला. “फुल्ल ठेवलं की पब्लिकला मजा येते, डॉक्टर,” तो म्हणाला.

खरी मेख इथेच होती. गाण्याचा ठेका मिनिटाला १२० असेल, तर दिवा सेकंदाला दोनदाच लुकलुकतो. त्याने सहसा काही बिघडत नाही. पण बटण शेवटपर्यंत पिळले की माइक ठेक्याबरोबर ताशाची तडतड, टाळ्या, शिट्ट्या सगळेच टिपतो. त्यात चार दिव्यांचे चार माइक, एकाचा मेळ दुसऱ्याशी नाही. प्रत्येक दिवा तीनदा लुकलुकला तरी पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर बारा झपके बसतात.

उपाय बिनखर्चाचा आहे. बटण इतकेच ठेवावे की फक्त ढोलाच्या ठोक्याला दिवा हलेल. दिवे एकमेकांना वायरने जोडून एकाच्या तालावर बाकीचे चालवावेत. स्ट्रोब बंद. उघडझापीऐवजी रंग सावकाश बदलू द्यावेत, सभागृहातला एखादा दिवा चालू ठेवावा. ब्रिटनमध्ये स्ट्रोबसाठी सेकंदाला चार झपक्यांची मर्यादा सुचवलेली आहे. आपणही तीच पाळावी. प्रेक्षकांत कोणाला अस्वस्थ वाटलेच, तर नुसते डोळे मिटून भागत नाही, पापण्यांतूनही प्रकाश आत जातो. एक डोळा तळहाताने घट्ट झाकून तोंड फिरवावे.

लेसरची गोष्ट वेगळी. तो थेट डोळ्यांत गेला तर दृष्टिपटल भाजू शकते. २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी त्यावर बंदी घातली ती योग्यच होती. साध्या दिव्यांवर सरसकट बंदी मात्र मला पटत नाही. पोरांच्या हौसेला काही मोल आहे की नाही? पण भाड्याचे पैसे मोजणाऱ्या संयोजकांनी दिव्यामागचे ते बटण एकदा तरी पाहावे, ही अपेक्षा जास्त नाही.

त्या मुलाचा मेंदूचा आलेख काढला, त्यात प्रकाशाचा दोष निघाला. मेंदूविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने औषध सुरू आहे. डिसेंबर २०२४ च्या संमेलनाला दिवे त्याच पोराचे होते. कार्यक्रमाआधी त्याने मला रंगमंचाजवळ नेले, ढोलाचे गाणे लावले आणि म्हणाला, “डॉक्टर, आता मोजा.” मी घड्याळ हातात धरून मोजले. सेकंदाला दोन.