संगणक घेतांना : स्मृति किती, संग्रह किती?

घरांत नवा संगणक घेण्याचा विचार निघाला म्हणजे चर्चेला ऊत येतो. चिरंजीवांचें लक्ष खेळांकडे, सूनबाईंचें कचेरीच्या कामाकडे, वडीलधाऱ्या मंडळींचें किंमतीकडे. आणि पडद्याचा आकार व पेटीचा रंग यांकडे तर सर्वांचेंच. दुकानदार मधूनच "सोळा जीबी, एक टीबी" असें कांहींसें म्हणतो व आपण मान डोलावतों. वास्तविक पुढील सहा-सात वर्षें तें यंत्र घरांत सुखानें नांदणार कीं रोज कपाळाला आठ्या आणणार, हें बव्हंशीं या दोन आंकड्यांवर अवलंबून असतें. तेव्हां या खेपेस त्यांचाच विचार करूं.

दोन्ही आंकडे एकाच जातीच्या मापांत सांगितले जातात, त्यामुळें पुष्कळांची समजूत होते कीं, वस्तूही एकाच जातीच्या आहेत. तसें नाहीं. रॅम म्हणजे स्वयंपाकघरांतील ओटा आणि डिस्क म्हणजे कोठीची खोली. कोठींत वर्षाचें धान्य राहतें. पण शिजवावयाचें तेवढें ओट्यावर आणावेंच लागतें. संगणक ज्या क्षणीं जें काम करीत असतो तें रॅममध्यें मांडलेलें असतें, आणि वीज गेली कीं ओटा साफ होतो. डिस्कवर लिहिलेलें मात्र राहतें. ओटा तोकडा असला म्हणजे एक पातेलें कोठींत नेऊन ठेवावें तेव्हां दुसऱ्याला जागा होते. संगणकही तेंच करतो. रॅम भरली कीं कांहीं मजकूर तो डिस्कवर उतरवतो आणि लागेल तेव्हां परत आणतो. डिस्क कितीही चपळ असली तरी रॅमच्या मानानें ती मंदच. म्हणून यंत्र अडखळूं लागतें. ओट्याची उणीव कोठी वाढवून भरून निघत नाहीं, ही गोष्ट प्रथम ध्यानांत ठेवावी.

आतां ओटा केवढा असावा? विंडोज ११ ही प्रणाली चालण्यास निदान ४ जीबी रॅम लागते, असें तिच्या कर्त्यांनींच सांगितलें आहे. परंतु ही केवळ उभें राहण्यापुरती जागा झाली, वावरण्यापुरती नव्हे. पत्रव्यवहार, बँकेचीं कामें, वर्तमानपत्र वाचणें एवढ्यास ८ जीबी पुरते. नवें यंत्र घ्यावयाचेंच असेल तर मात्र १६ जीबी घ्यावी, असें आमचें मत आहे. चलच्चित्रांचें संपादन, मोठीं रेखाटनें किंवा भारी खेळ ज्यांस करावयाचे असतील त्यांनींच ३२ जीबीचा विचार करावा. ज्या यंत्रांत चित्रांसाठीं निराळें कार्ड नसतें, त्यांत रॅमचाच कांहीं वांटा चित्रांकडे जातो, हेंही हिशेबांत धरावें.

एकत्र कुटुंबांत याखेरीज एक निराळी अडचण असते. एकाच संगणकावर आजोबांचें, सूनबाईंचें व मुलांचें अशीं तीन खातीं असतात. मुलगा आपलें काम तसेंच उघडें ठेवून उठतो, आजोबा आपल्या खात्यांत शिरतात, आणि मुलानें उघडलेलें सर्व कांहीं मागें रॅम अडवून बसलेलें असतें. मग "संगणक म्हातारा झाला" अशी हाकाटी होते. वास्तविक उठतांना प्रत्येकानें आपलें खातें पुरतें बंद करण्याची शिस्त लावली तर पुष्कळ घरांत नवीन रॅम घेण्याची गरजच पडणार नाहीं.

गरज खरोखर किती आहे हें दुकानांत न विचारतां घरच्या जुन्या यंत्रासच विचारावें. विंडोजमध्यें कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. त्यांत किती मेमरी खर्ची पडत आहे व रॅमचे किती खांचे भरले आहेत, तें दिसतें. दिवसांतील सर्वांत गर्दीच्या वेळीं तो आंकडा पाहावा. १६ पैकीं ९ जीबीच वापरांत असेल तर अधिक रॅम घेऊन यंत्र जलद होणार नाहीं. रिकामा ओटा लांबविल्यानें भात लवकर शिजत नाहीं.

रॅमची जातही पाहावी लागते. डीडीआर४ व डीडीआर५ या पट्ट्यांची खांच निराळ्या ठिकाणीं असते. एकीच्या जागीं दुसरी बसत नाहीं. कोणती चालेल हें मदरबोर्ड ठरवितो. म्हणून जुन्या यंत्रासाठीं पट्टी घेतांना त्याचें नांव टिपून न्यावें. १६ जीबीची एकच पट्टी घेण्यापेक्षां ८ च्या दोन जोडीनें घेतल्यास दोन वाटांनीं मजकुराची ने-आण होते व वेग वाढतो. मात्र मदरबोर्डावर दोनच खांचे असतील तर दोन्ही भरून जातात आणि पुढें वाढविण्यास जागा उरत नाहीं, हाही विचार करावा. २०२५ च्या उत्तरार्धांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणकगृहांच्या मागणीमुळें रॅमच्या किंमती झपाट्यानें चढल्या. तेव्हां जरुरीहून अधिक रॅम ही हौस आतां स्वस्त राहिलेली नाहीं.

आतां कोठीकडे वळूं. १९५६ सालीं आयबीएम कंपनीनें पहिली डिस्क विक्रीस आणली. तिच्यांत दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या, आणि एवढ्या अवजड यंत्रांत अवघीं ५० लाख अक्षरें मावत. आजच्या फोनवरील एखाद्या छायाचित्रानेंच ती भरून गेली असती! त्या घराण्यांतील हार्ड डिस्क अजून प्रचारांत आहे. तिची चकती मिनिटाला ७२०० फेरे घेत असली तरी एका फेऱ्यास सुमारें ८ मिलिसेकंद लागतात, आणि हवी ती जागा वाचकदांड्याखालीं येण्याची वाट पाहावीच लागते. संगणक सुरू होतांना हजारों लहान लहान फायली वाचतो. प्रत्येकीसाठीं अशी वाट पाहिली कीं मिनिटें जातात. एसएसडीमध्यें फिरणारा भागच नसल्यामुळें ही प्रतीक्षा जवळजवळ नाहींशी होते. जुन्या यंत्रांत हार्ड डिस्कच्या जागीं एसएसडी बसविली तर घरच्या माणसांस नवें यंत्र आल्यासारखें वाटतें.

एसएसडींतही भेद आहेत. साटा जातीची सेकंदाला सुमारें ५५० एमबी वाचते, तर एनव्हीएमई जातीची कित्येक हजार. परंतु हार्ड डिस्ककडून एसएसडीकडे येतांना जो फरक जाणवतो, तेवढा या दोहोंमध्यें घरगुती कामांत जाणवत नाहीं. "एक टीबी" एवढेंच ऐकून समाधान मानूं नये. तें हार्ड डिस्कचें कीं एसएसडीचें, हें स्पष्ट विचारावें. घरीं आणल्यावर पडद्यावर ९३१ जीबीच दिसले तर दुकानदारावर संशय घेण्याचें कारण नाहीं. कारखाना दशमान पद्धतीनें मोजतो व विंडोज १०२४ च्या पटीनें, इतकेंच. ५ एमबीचें एक छायाचित्र धरलें तर एका टीबींत दोन लाख छायाचित्रें मावतात. बहुतेक कुटुंबांस ५१२ जीबी किंवा एक टीबीची एसएसडी पुरेशी आहे. डिस्क मागाहूनही जोडतां येते.

येथवर सोयीचा विचार झाला. शेवटचा मुद्दा मात्र सोयीचा नाहीं, ठेव्याचा आहे. आजोबांच्या तरुणपणचें एकुलतें एक छायाचित्र, आजीच्या आवाजांत उतरवून घेतलेल्या ओव्या, मुंजीलग्नांचीं चित्रणें, जमिनीच्या कागदांच्या प्रती, हें सर्व हल्लीं या डिस्कवरच असतें. हार्ड डिस्क कधीं कधीं खरखर करून आगाऊ सूचना देते. एसएसडी बहुधा एकाएकीं मौन धरते. मुदतींत बिघडली तर दुकानदार नवी देईल. पण हमी वस्तूची असते, वस्तूंत ठेवलेल्याची नसते. आजी गेल्यावर तो आवाज कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं.

म्हणून संगणकाच्या रकमेंतच एका बाहेरच्या हार्ड डिस्कचा खर्च धरावा. महिन्यांतून एक दिवस ठरवून तिच्यावर प्रत करावी आणि काम होतांच ती यंत्रापासून सोडवून ठेवावी, म्हणजे यंत्रांत शिरलेला उपद्रव तिच्यापर्यंत पोंचत नाहीं. दुसरी एक प्रत लेकीच्या किंवा भावाच्या घरीं असावी. आग व पाणी एकाच घरांतील दोन कपाटांत भेद करीत नाहींत. ही प्रत हार्ड डिस्कवरच असलेली बरी, कारण वीज न देतां वर्षानुवर्षें पडून राहणें एसएसडीस मानवत नाहीं.

पैसे मोजकेच असतील तर खर्चाचा क्रम असा लावावा : प्रथम एसएसडी, मग १६ जीबी रॅम, त्यानंतर प्रतीसाठीं बाहेरची डिस्क, आणि उरलें तरच पेटींतले रंगीत दिवे. वर्षभरानें या दिव्यांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाहीं.