कुवलयानंदांनी आधी तपासलं

प्राणायामाने शरीराला जास्त ऑक्सिजन मिळतो, असं योगवर्गात आजही सर्रास सांगितलं जातं. या समजुतीची परीक्षा लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेत 1930च्या दशकातच झाली होती. स्वामी कुवलयानंदांनी श्वासातले वायू मोजले. श्वास लांबला की मिनिटाला होणाऱ्या श्वासांची संख्या घटते, त्यामुळे शरीरात जाणारा ऑक्सिजन काही वाढत नाही, असं त्यांना आढळलं आणि त्यांनी ते छापलंही. प्राणायामाचं मोल ऑक्सिजनमध्ये शोधू नका, असं सांगणारा माणूस स्वतः प्राणायामाचा कट्टर उपासक होता. कुवलयानंदांचा खरा वारसा मला इथे दिसतो. ‘योगाला विज्ञानाची मान्यता मिळवून देणारे’ ही त्यांची रूढ ओळख अपुरी आहे, कारण मान्यता मिळवायला निघालेला माणूस गैरसोयीचे आकडे छापत नाही.

जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचं मूळ नाव, जन्म 1883चा. बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात व्यायामाची तालीम, पुढे नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासांकडे योगाची दीक्षा आणि मधल्या काळात अमळनेरला शिक्षकी, असा त्यांचा प्रवास झाला. 1924 साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम उभं केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केलं. त्यांची पद्धत समजून घ्यायला नौलीचा प्रयोग पुरेसा आहे. बस्तिक्रियेत नौली करताच पिचकारीवाचून पाणी मोठ्या आतड्यात चढतं, हे योगी पिढ्यान्‌पिढ्या करत आले होते. ते का चढतं, हे पाहण्यासाठी कुवलयानंदांनी आतड्यात नळी घालून ती पाऱ्याच्या दाबमापकाला जोडली. नौलीत पोटाचे सरळ स्नायू पुढे येतात, त्या क्षणी आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली उतरतो, हे पाऱ्यावर दिसलं. या निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरूंचं नाव दिलं. गुरुभक्ती आणि दाबमापक यांत त्यांना कधी विरोध वाटला नाही.

यावर पहिला आक्षेप साधकांचा असतो. समाधी नळीने कशी मोजणार? मोजता येणार नाहीच, आणि कुवलयानंदांनी तसा दावा केला नाही. संस्थेच्या नावातच कैवल्य ठेवणाऱ्या माणसाला मोक्षमार्ग यंत्रात बसवायचा नव्हता. पण जो आसनाने रोग बरा होतो म्हणतो, तो शरीराविषयी बोलतो आहे, आणि शरीराविषयीचं विधान तपासलंच पाहिजे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हे प्रयोग मोजक्याच लोकांवर झाले, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आजच्या कसोटीला ते उतरणार नाहीत. हे मान्य करावंच लागतं. त्या काळच्या निष्कर्षांवर आज उपचार ठरवू नयेत. पण म्हणून प्रश्न विचारण्याची त्यांची रीत शिळी होत नाही. त्यांनी उपकरण, मांडणी आणि वाचन सगळं उघड छापलं, म्हणूनच आज आपण त्यातल्या उणिवा दाखवू शकतो. बंद दाराआडच्या अनुभवात उणीव कोण दाखवणार?

तिसरी टीका अशी की, हे सारं पाश्चात्त्यांची शाबासकी मिळवण्यासाठी होतं. मला ती पटत नाही. कैवल्यधाममध्ये प्रयोगशाळेच्या जोडीने ग्रंथांचंही काम चाललं. जुन्या योगग्रंथांची हस्तलिखितं मिळवून पाठ ताडून पाहणं, अशुद्ध प्रतींतून शुद्ध संहिता काढणं, हे किचकट काम परदेशी टाळ्यांसाठी कोणी करत नाही. नळी घालणारा आणि पोथी ताडणारा माणूस एकच होता. दोन्हीकडे त्याला ऐकीव गोष्टीवर थांबायचं नव्हतं. 1966 साली त्यांचं निधन झालं. 2015पासून 21 जूनला आंतरराष्ट्रीय योगदिनी मैदानं भरतात, पण त्या दिवशी मंचावरून मधुमेहापासून कर्करोगापर्यंत जे दावे होतात, त्यांतला एकेक घेऊन कुणावर, किती दिवस, कशाने मोजलं, एवढं आयोजकांना विचारायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही.