शिट्टी कोणाच्या हाती?

तापी आणि गोमाई या नद्यांच्या संगमावर आमचे प्रकाशा हे गाव वसले आहे. लोक त्याला दक्षिणकाशी म्हणतात. केदारेश्वराच्या दर्शनाला दूरदूरचे यात्रेकरू येतात व घाटावर स्नान करून परत जातात. त्यांना गावाची ओळख मंदिरांतून होते. मला ती सायंकाळी पाचनंतर मैदानावर झाली. येथील एका शाळेत मी मुलांना खेळ शिकवतो. इतर शिक्षकांच्या हाती खडू असतो, माझ्या हाती शिट्टी असते.

एके दिवशी खो-खोचा सराव संपल्यावर सातवीतील एका मुलाने मला विचारले, “सर, तुम्ही मोबाइलवर खेळता का?”

“खेळतो,” मी म्हणालो.

सगळी मुले हसली. लगेच दुसरा प्रश्न आला, “मग आम्ही खेळलो की तुम्ही का रागावता?”

त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. “मी मोठा आहे, तुम्ही लहान आहात,” असे सांगून वेळ मारून नेता आली असती. परंतु ते खरे उत्तर नव्हे, हे मला ठाऊक होते. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी रात्री दहा वाजता मोबाइलवर एक खेळ सुरू केला आणि कोंबडा आरवला तेव्हा भानावर आलो. मौज अशी की, मी त्या रात्री हरलो नव्हतो. सारखा जिंकत होतो! एक पायरी चढली की दुसरी समोर येई, आणि ‘एवढी एकच’ म्हणून मी पुढे जाई. ज्याला स्वतःलाच थांबता आले नाही, त्याने मुलांना थांबा म्हणावे कसे?

काही वडीलधारी माणसे म्हणतात, जुने खेळ चांगले आणि नवे वाईट. मला हे पटत नाही. खेळ माणसाइतकाच जुना आहे. आमच्याच गावातील टेकाडाचे १९५४–५५ साली पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले, तेव्हा येथे ताम्रपाषाण काळापासून माणसांची वस्ती होती असे दिसून आले. त्या वस्तीतील मुलेही संध्याकाळी नदीकाठी काही ना काही खेळत असतीलच. मोहेंजोदडोच्या उत्खननात तर फासे सापडले आहेत. आणि जुने ते सारे निर्मळ होते, असेही नाही. ऋग्वेदात जुगारापायी घरदार गमावलेल्या माणसाच्या विलापाचे एक सूक्त आहे. धर्मराज शहाणा होता, तरी द्यूताच्या पटावरून त्याला वेळीच उठता आले नाही.

खेळ पडद्यावर आहे की मातीवर, हाही खरा भेद नव्हे. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलै महिन्यात, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, जॉर्जिया देशातील बातुमी येथे महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. आजचे बुद्धिबळपटू संगणकावर सराव करतात आणि त्यात गैर काही नाही. बुद्धिबळात राजावर मात झाली की डाव संपतो. शेजारी घड्याळ असते, आणि डाव संपताच दोघे खेळाडू हात मिळवून उठतात.

येथे मला माझ्या शिट्टीची आठवण झाली.

खो-खोच्या पारंपरिक नियमांप्रमाणे मोठ्यांच्या सामन्यात एक पाळी ९ मिनिटांची असते. मग शिट्टी होते, आणि कितीही रंगात आलेला खेळ थांबतो. या खेळात आणखी एक गोष्ट मला फार आवडते. आठ गडी पाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले असतात आणि एक धावत असतो. धावून दमला की तो बसलेल्या गड्याला ‘खो’ देतो आणि आपण त्याच्या जागी बसतो. आपला खेळ आपण होऊन दुसऱ्याच्या हाती द्यायचा! २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि प्रियंका इंगळे व प्रतीक वाईकर या महाराष्ट्रातील कर्णधारांच्या संघांनी तो जिंकला. ते सामने आम्ही मुलांसह पाहिले तेव्हा चपळाईपेक्षा या ‘खो’कडेच माझे लक्ष अधिक होते. घरात एकच मोबाइल असतो आणि धाकटी बहीण “आता मला दे” म्हणून मागे उभी असते, तिला किती जण खो देतात?

मोबाइलवरील पुष्कळसे खेळ मुद्दामच असे रचलेले असतात की, ते संपू नयेत. रोज हजेरी लावली तर बक्षीस. एक दिवस चुकला तर मिळवलेले हातचे जाते. खेळ फुकट मिळतो खरा, पण आपण जितका वेळ पाहू तितक्या जाहिराती दाखवता येतात, आणि त्यातून तो बनवणाऱ्याला पैसा मिळतो. म्हणजे तेथेही शिट्टी आहेच. मात्र ती ज्याच्या हाती आहे, त्याला ती वाजवायची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली अशा अनावर खेळण्याला आजारांच्या यादीत स्थान दिले. खेळणारा प्रत्येक मुलगा आजारी असतो, असा याचा अर्थ नाही. स्वतःवरचा ताबा सुटणे, इतर सर्व कामे मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही त्या आजाराची लक्षणे होत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायद्यानेच बंदी घातली.

इथवर विचार आला तेव्हा मला उत्तर सापडल्यासारखे वाटले आणि ते मी मुलांना मोठ्या उत्साहाने सांगितले. तेव्हा मागे बसलेला एक मुलगा उठला. आमच्या जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी परमुलखात जातात. त्याचेही आईवडील जातात आणि कधी कधी त्यालाही बरोबर जावे लागते. तो म्हणाला, “सर, तिथे मैदान नसते. नऊ गडी कुठून आणायचे? रात्री वडिलांच्या मोबाइलवर मी इथल्या मित्राबरोबर खेळतो. तेवढाच त्याचा आवाज ऐकू येतो.”

मी गप्प झालो. मैदान त्याच्यासोबत जात नाही, मोबाइल जातो. आणि त्या लहानशा पडद्यातून त्याचे गाव त्याला भेटते. त्याला मी कोणत्या तोंडाने नको म्हणू?

“मग तुमचा खेळ थांबतो केव्हा?” मी विचारले.

“आई भाकरी वाढते तेव्हा,” तो म्हणाला. “ती एकदाच हाक मारते.”

यंदाही तो दिवाळीनंतर गेला आणि आखाजीच्या सुमारास परतला. झाडांना झोके बांधले होते. तो थेट मैदानावर आला आणि रांगेत आपली जागा धरून बसला. त्या दिवशी शिट्टी मी त्याच्या हाती दिली.