आवाजाचा लगाम कोणाच्या हाती? सीमाभागातील मंगल कार्यालये, डॉल्बी आणि ध्वनिमर्यादक यंत्र

लग्नसराई आणि यात्रांचे दिवस आले की बेळगाव, संकेश्वर, निपाणी या पट्ट्यात एक जुना वाद नव्याने उभा राहतो. हळदीच्या रात्री एखाद्या लॉनवर डॉल्बी लागते, शेजारच्या घरांची तावदाने थरथरू लागतात, कोणीतरी पोलिसांना दूरध्वनी करतो, आवाज दहा मिनिटे उतरतो आणि पुन्हा चढतो. त्या घरांत दहावी-बारावीच्या परीक्षेला बसलेली मुले असतात, अंथरुणाला खिळलेली वृद्ध माणसे असतात. तक्रार करणारा मात्र दुसऱ्या दिवशी गल्लीत वाईट ठरतो. या वादाला वेगळे वळण देऊ शकेल असा एक विचार मुंबई उच्च न्यायालयाने २३ जानेवारी २०२५ रोजी मांडला. तो आमच्या भाविक वाचकांसमोर ठेवावा, असे आम्हांस वाटते.

मुंबईत कुर्ला पूर्व येथील नेहरूनगर परिसरातील रहिवाशांच्या दोन संघटनांनी प्रार्थनास्थळांवरील ध्वनिक्षेपकांविषयी याचिका केली होती. न्या. गडकरी व न्या. चांडक यांच्या खंडपीठाने ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, हे तर सांगितलेच; त्याशिवाय आवाजाची कमाल पातळी यंत्रातच आपोआप बांधून ठेवण्याची व्यवस्था सर्व धर्मांच्या स्थळांना लागू करण्याचा विचार शासनाने करावा, असेही निर्देश दिले. बातम्यांत पहिल्या भागाची चर्चा झाली. आमच्या मते दुसरा भाग अधिक मोलाचा आहे.

हा निकाल महाराष्ट्रातला. कर्नाटकात तो थेट बंधनकारक नाही. परंतु ज्या नियमांवर तो उभा आहे ते केंद्राचे, १४ फेब्रुवारी २००० चे ध्वनिप्रदूषण नियम, कागलला जसे लागू आहेत तसेच निपाणीलाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने अधिक किंवा ७५ डेसिबल, यांतील जे कमी असेल तेवढाच चालतो. खासगी जागेच्या हद्दीवर केवळ ५ डेसिबलची सूट आहे. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद सभागृहातच लावता येतो. सणउत्सवांसाठी राज्य शासन वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते, एवढाच अपवाद.

येथे थोडा हिशेब करणे आवश्यक आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. कर्ण्यापासून २ मीटरवर १०० डेसिबल भरणारा आवाज ३२ मीटरवर ७६, ६४ मीटरवर ७० आणि १२८ मीटरवर ६४ होतो. म्हणजे दिवसाची ६५ ची सवलतीची मर्यादा पाळायची तर लॉनची हद्द कर्ण्यापासून सुमारे सव्वाशे मीटरवर हवी. आपल्या शहरांत एवढे ऐसपैस लॉन कितीसे असणार? हद्द ३२ मीटरवर असेल, तर कर्ण्याजवळचा आवाज ८९ वर रोखावा लागेल. ८९ डेसिबल म्हणजे काही कुजबुज नव्हे. वऱ्हाडी मंडळी त्यावर यथेच्छ नाचू शकतात.

हे रोखण्याचे काम करणारे यंत्र म्हणजे साउंड लिमिटर, अर्थात ध्वनिमर्यादक. इंग्लंडमध्ये समारंभाच्या सभागृहांत ते पुष्कळ ठिकाणी बसवलेले आढळते. त्याचे दोन प्रकार आहेत. एक प्रकार मायक्रोफोनने सभागृहातला आवाज मोजत राहतो, मर्यादा जवळ आली की दिवा लावून इशारा देतो आणि तरीही कोणी ऐकले नाही तर कर्ण्यांचा वीजपुरवठाच तोडतो. दुसरा प्रकार अधिक सौम्य : तो ॲम्प्लिफायरकडे जाणारा संकेतच दाबून धरतो. चालकाने बटण कितीही फिरवले तरी बाहेर पडणारा आवाज ठरलेल्या रेषेपुढे जात नाही. ही रेषा आत बसून ठरवायची नसते. एकाने आत आवाज वाढवायचा, दुसऱ्याने हद्दीच्या भिंतीशी किंवा शेजाऱ्याच्या खिडकीशी मापक घेऊन उभे राहायचे, आणि बाहेरचा आकडा नियमात बसतो त्या ठिकाणी यंत्र कुलूपबंद करायचे.

एक अडचण मात्र यंत्र विकणारे सांगत नाहीत. आपले नियम ज्या ‘ए’ मापाने आवाज मोजतात, ते माप खर्जाच्या स्वरांना फार कमी लेखते. ६३ हर्ट्झचा ठोका प्रत्यक्षात ९० डेसिबलचा असला तरी या मापात तो ६४ च भरतो. भिंतीतून आणि छातीतून आरपार जातो तो हाच ठोका. म्हणून खर्जाला वेगळा लगाम नसलेले यंत्र बसवले, तर कागद स्वच्छ राहील आणि तावदाने थरथरतच राहतील.

जाता जाता, ‘डॉल्बी’ या शब्दाचे दैव पाहा. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये लंडनमध्ये कंपनी काढली ती ध्वनिफितीतील खरखर कमी करण्याच्या तंत्रासाठी. नको असलेला आवाज घटवणाऱ्या माणसाचे नाव कोल्हापूर-बेळगावकडे नेमक्या उलट गोष्टीला चिकटले आहे!

आता सीमेचा प्रश्न. २०१७ च्या गणेशोत्सवात कोल्हापूर परिक्षेत्रात पोलिसांनी डॉल्बीमुक्तीची मोहीम राबवली. परंतु कर्ण्यांच्या भिंती रचलेले ट्रक महामार्गाने कोगनोळी ओलांडतात तेव्हा त्यांच्याबरोबर एका राज्याची मोहीम येत नाही. वधुपक्ष निपाणीचा, वरपक्ष गडहिंग्लजचा, डॉल्बी तिसऱ्याच गावची; असे येथे नेहमीचे आहे. म्हणूनच मर्यादा भाड्याच्या यंत्रात बांधण्यापेक्षा जागेला बांधावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. कार्यालयाचा वीजजोड ध्वनिमर्यादकातूनच द्यावा आणि बाहेरून जनरेटर आणण्यास करारातच मनाई करावी. मग ट्रक कोणत्या राज्याचा, हा प्रश्नच उरत नाही. मे २०२२ मध्ये कर्नाटक शासनाने ध्वनिक्षेपकांच्या लेखी परवानगीची पद्धत कडक केली. त्या परवानगीत ही अट घालता येण्यासारखी आहे. १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्यातील दंडही १० हजार ते १५ लाख रुपये झाला आहे, हे कार्यालयांच्या मालकांनी ध्यानी घ्यावे.

मिरवणुकीला मात्र हद्द नसते. लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने १९०५ मध्ये सुरू झालेल्या बेळगावच्या सार्वजनिक गणेशोत्सवाची विसर्जन मिरवणूक आज कपिलेश्वर तलावाकडे रात्रभर सरकत असते. तेथे ट्रकवरच यंत्र बसवावे लागेल आणि ते दोन्ही राज्यांनी एकाच मोजणीने तपासावे लागेल. ढोल-ताशाला व फटाक्यांना तर कोणतेही यंत्र आवरू शकत नाही. तेथे मंडळांचा विवेकच हवा.

आणि मंदिरांचे काय? काकड आरती बहुधा सकाळी ६ पूर्वीच होते, आणि त्या वेळी बाहेरचा कर्णा लावण्यास नियमात जागा नाही. आरती गाभाऱ्यात आणि सभामंडपात ऐकू आली म्हणजे पुरे. इतर वेळी मंदिराच्या ॲम्प्लिफायरलाही हद्दीवर मोजून मर्यादा घालता येते; त्यासाठी न्यायालयाची वा शासनाची वाट पाहण्याचे विश्वस्तांना कारण नाही. मोजणीच्या वेळी तक्रार करणाऱ्या शेजाऱ्यालाच हद्दीवर उभे करावे आणि आकडा त्याच्यासमोर नोंदवून घ्यावा.